घरात एक नाव, दप्तरात दुसरे

प्रश्न : माझी मुलगी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात असते. जावयांचे पूर्वज हातमागावरचे विणकर होते आणि १८२१च्या सुमारास स्कॉटलंडमधील ‘स्ट्रेव्हन’ गावाहून तिकडे आले, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जुन्या जन्मनोंदींच्या सूचीत मात्र या नावाचे गाव कोठेच सापडत नाही. घरातली आठवणच चुकीची असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आठवण चुकीची नाही, उलट ती मोलाची आहे, कारण गावाचा स्थानिक उच्चार तिच्यात टिकून राहिला आहे. लॅनार्कशरमधील या गावाचे नाव अक्षरांप्रमाणे वाचले तर ‘स्ट्रॅथेवन’ असे होईल, पण तिथले लोक मधला ‘थ’ गाळून ‘स्ट्रेव्हन’ म्हणतात. गाव हातमागाचे होते आणि १८२०-२१ मध्ये लॅनार्कशरचे अनेक विणकर हलाखीमुळे ऑन्टारिओत स्थायिक झाले, तेव्हा घरातली हकिकत इतिहासाशीही जुळते.

नकाशावरचे नाव कळले तरी काम संपत नाही. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदी चर्चच्या पॅरिशनुसार (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) ठेवलेल्या आहेत, आणि स्ट्रेव्हन ज्या पॅरिशमध्ये येते तिचे नाव अ‍ॅव्हनडेल आहे. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर गावाऐवजी हीच पॅरिश निवडून शोधावे.

असा घोटाळा या एकाच गावापुरता नाही. ‘मलगाय’ म्हटले जाणारे गाव कागदावर ‘मिलनगेव्ही’सारखे दिसते, अ‍ॅबर्डीनची ‘फिटी’ ही कोळीवस्ती ‘फुटडी’ अशी लिहितात, आणि ‘कलेन’ किल्ल्याच्या नावात न उच्चारला जाणारा ‘झेड’ आहे. जुन्या स्कॉट्स लेखनात ‘योख’ नावाचे अक्षर होते. छापखान्यांत त्याचा खिळा नसल्यामुळे दिसायला जवळचा ‘झेड’ वापरला गेला आणि तो तसाच राहिला. परदेशातील कारकुनाने मात्र कानावर पडले तसे लिहिले. म्हणून तुमच्याकडील जुन्या कागदांतली गावनावे मोठ्याने म्हणून पाहावीत आणि मगच नकाशाकडे वळावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या मोजणीदारांनी भरलेल्या नामवह्याही जरूर पाहाव्यात. त्यांत एकेका ठिकाणाच्या नावाची निरनिराळी लेखने आणि प्रत्येक लेखन कोणाच्या सांगण्यावरून घेतले, तो शाळामास्तर की पाद्री की जमीनदार, हे नोंदलेले असते.

पूर्वजांची भावंडे मागे राहिली असतील तर त्यांचाही माग काढावा, कारण १८५१च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत जन्माची पॅरिश लिहिलेली असते आणि १८५५ नंतरच्या मृत्युनोंदीत आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, सहसा मिळतात.