मठ्ठ्याची बादली

प्रिय रेवू,

शनिवारी 'एकच प्याला' नाटकाहून परतताना तू गाडीत विचारलंस, "आई, सिंधू त्या घरातून निघून का नाही गेली? आपल्याकडे बायकांनी असंच राहायचं असतं का? तू राहिली असतीस?" मी म्हटलं, उशीर झालाय, झोप आता. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. तेव्हापासून ते मनात टोचतंय.

समोरासमोर बोलायला गेले की मी एकतर समजावत सुटते नाहीतर गप्प होते, म्हणून लिहितेय. मराठी वाचायचा कंटाळा आला तर बाबांकडून वाचून घे.

'एकच प्याला' मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला, भावे नाट्यमंदिरात. बारा वर्षांची होते. मध्ये आप्पा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. निघायच्या आधी आजीनं सगळं सांगून ठेवलं होतं: गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले, आणि महिन्याभरात गंधर्व मंडळींनी बडोद्याला हे नाटक लावलं. एरवी भरजरी शालूत दिसणारे बालगंधर्व सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात उभे राहिले. आजीनं स्वतः ते पाहिलं नव्हतं, तिच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. पण सांगताना तिचा आवाज भरून यायचा.

मला मात्र त्या रात्रीचे आप्पाच आठवतात. सिंधूच्या नवऱ्याचा, सुधाकरचा, भर कोर्टात अपमान होतो, तो संतापून मुन्सफाला उलट बोलतो, आणि वकिलीची सनदच काही काळ हातातून जाते. तो विषय निघाला तेव्हा आप्पांनी खुर्चीचा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. शेवटी बाळ गेलं, सिंधू गेली, सगळं थिएटर मुसमुसत होतं. आप्पांचे डोळे त्याच्या कितीतरी आधी भरले होते.

कारण मला ठाऊक होतं. शमाताईच्या लग्नाबद्दल तुला मी तुटक तुटकच सांगितलंय. नानाकाकांनी पत्रिका छापल्या, त्यात सगळ्या भावांची नावं होती, आप्पांचं तेवढं नव्हतं. छापखान्याची चूक, असं नानाकाका म्हणाले. असेलही. आप्पा काही बोलले नाहीत, सीमांतपूजनापासून अक्षतांपर्यंत राबले. मग पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं सहज विचारलं, "आपण मुलीकडचे कोण?" आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि भरल्या ताटावरून उठले. आपल्याकडे याच्याइतकं वाईट काही नाही, रेवू. अन्नाचा अपमान, यजमानाचा अपमान, लग्नघराला अपशकुन. आई तेव्हा पंगतीत मठ्ठा वाढत होती. तिनं एकदा आप्पांकडे पाहिलं, बादली दोन पानांच्या मध्ये खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझं बोट धरलं. का, कुठे, काही नाही. माझ्या दुसऱ्या हातात जिलबी होती. स्टँडवर पोचेपर्यंत तिचा पाक कोपरापर्यंत ओघळला होता.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही त्या घराची पायरी चढलो नाही. गणपती त्यांच्याकडे असायचा. दर चतुर्थीला आई मोदक करायची आणि पहिला वेगळ्या वाटीत काढून ठेवायची. कुणासाठी ते बोलायची नाही. संध्याकाळी तो मीच खायचे.

तर, नाटक संपल्यावर रिक्षात आप्पा म्हणाले, "मुन्सफानं चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

आई म्हणाली, "नकोच होतं. पण आधी घरी येऊन सिंधूला सांगायचं होतं."

घर येईपर्यंत पुढे कुणी बोललं नाही.

परवा पुन्हा नाटक बघताना मला आईचं ते वाक्य जागोजागी ऐकू येत होतं. सुधाकर वाईट माणूस नाही गं. हुशार आहे, मानी आहे, आणि अपमान पोटात ठेवायची त्याला सवय नाही. ती आग विझवायला तळीराम एकच प्याला पुढे करतो आणि तो घेतो. पुढे दारू सोडतोसुद्धा, काम मागायला दारोदार जातो, तिथे पुन्हा हिडीसफिडीस होते, पुन्हा प्याला. दर वेळी रागाच्या आणि लाजेच्या भरात, तिथल्या तिथे. आणि सिंधू? तिला न्यायला भाऊ आलेला असताना ती नवऱ्याच्या पायांशी बसून शपथ घेते, माहेरचं काही घेणार नाही म्हणून. मग लोकांची दळणं दळते. तिच्या निर्णयाला आपण त्याग म्हणतो. मला आता वाटतं, तोही त्याच्यासारखाच भावनेच्या लाटेत घेतलेला निर्णय होता. फक्त तो प्रेमाच्या भरातला, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. हे आजीपुढे म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

आईला मी खूप उशिरा विचारलं, बादली खाली का ठेवलीस. म्हणाली, "नसती ठेवली तर ते स्टँडपर्यंत एकटेच चालत गेले असते." हे ऐकून मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. दोन्ही अजून तसेच आहेत. तुला हे पटायलाच हवं असं नाही.

आता तुझा प्रश्न. मी राहिले नसते. बाळाला कडेवर घेऊन त्याच दिवशी निघाले असते. आणि तुझ्यावर कधी तशी वेळ आली तर एक रात्रसुद्धा थांबायचं नाही, मागचापुढचा विचार न करता माझ्याकडे यायचं. एवढं मला गाडीतच सांगता यायला हवं होतं. पण मठ्ठ्याची बादली मी खाली ठेवली असती का, असं विचारलंस तर बहुतेक हो म्हणेन.

मंडळात पुढच्या महिन्यात आणखी एक जुनं नाटक आहे. तुझं तिकीट काढू का ते सांग, नसेल यायचं तरी चालेल.

आणि सांगलीला गेलो की आप्पांच्या ट्रंकेत बघ, शमाताईची पत्रिका अजून आहे. भावांच्या नावांखाली थोडी मोकळी जागा आहे. तिथे आईनं पेन्सिलीनं आप्पांचं नाव लिहिलंय.

तुझी,
आई