ट्रॅकचा लोडर कुठे घ्यावा, आणि त्याचा ट्रॅक सारखा का उतरतो?

चिखल, भुसभुशीत भराव, वाळू, उतार अशा जागी ट्रॅकचाच लोडर (चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर चालणारं, माती उचलणारं मशीन) घ्या. वजन लांब पट्ट्यावर पसरतं, त्यामुळे चाकं रुततात तिथे हा चालतो. सपाटीकरण, पाया भरणं, माती ढकलणं ही त्याची कामं. दिवसभर काँक्रीट किंवा डांबरावर फिरायचं असेल तर मात्र चाकांचाच बरा. कडक जमिनीवर जागच्या जागी वळवला की रबरी ट्रॅक खरवडून निघतो.

ट्रॅक उतरतो तो बहुतेक वेळा ढिला असल्यामुळे. मशीन उचलून पक्क्या आधारावर ठेवा (नुसत्या बकेटच्या जोरावर उचलून खाली हात घालू नका) आणि मधल्या रोलरखाली (ट्रॅकच्या आत खालच्या बाजूची छोटी चाकं म्हणजे रोलर) ट्रॅक किती लोंबतो ते मोजा. साधारण 15 ते 30 मिमी चालतं, नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. ढिला असेल तर ताण देणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस गनने ग्रीस भरा. फार ताणलात तर आयडलरचे (ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकाचे) बेअरिंग आणि स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक) लवकर जातात. ताण कमी करताना त्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूच, थोडाच सैल करा. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, आपला चेहरा व्हॉल्व्हसमोर नको.

ताण बरोबर असूनही उतरत असेल तर स्प्रॉकेटपाशी दगड-चिखल अडकलाय का बघा, आणि ऑपरेटर उतारावर आडवा जाऊन झटक्यात वळतो का तेही. रोज संध्याकाळी चिखल काढाच; वाळला की दगडच होतो.