‘अनुभव’ या रकान्यात शून्य लिहू का?

ताई,

मी राजेंद्रनगरात राहते, वय 41. बी.कॉम. होताच लग्न झालं, नोकरी कधी केली नाही. गेली बारा वर्षं घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. ह्यांचा पगार हल्ली दोन-दोन महिने रखडतो, आणि मुलगी यंदा कॉलेजात जाईल. विजयनगरच्या एका मॉलमधल्या मोठ्या कपड्यांच्या शोरूमनं सेल्ससाठी बोलावलं आहे, गुरुवारी मुलाखत. फॉर्मवर ‘अनुभव’ या रकान्याशी येऊन अडले आहे. नणंदेचे यजमान म्हणतात, ओळखीच्या दुकानातून दोन वर्षं काम केल्याचं पत्र आणून देतो. मुलाखत घेणारी मुलं माझ्या भाच्याच्या वयाची असतील. नोकरी का हवी असं विचारलं तर पैशासाठी, असं सरळ सांगायचं का? सासूबाईंना अजून काही बोललेले नाही. आपल्या घरची सून काउंटरवर उभी राहणार म्हटल्यावर काय होईल ते तुम्ही जाणताच.

क., इंदूर

क.,

ते पत्र घेऊ नका. मोठ्या शोरूमचे लोक जुन्या दुकानात फोन लावून चौकशी करतात, आणि खोटं उघडकीला आलं तर लागलेली नोकरीही जाते. पण समजा कुणी फोन केलाच नाही, तरी मुलाखतीत तुमची पंचाईत होणार. ‘वहाँ टार्गेट कितना था? बिलिंग किस पर करते थे?’ असं मॅनेजरनं विचारलं की पुढे काय बोलणार? शिवणकामाबद्दल काहीही विचारू देत, तुम्हाला आठवावंसुद्धा लागणार नाही. रकान्यात लिहा: घरून शिवणकाम आणि पिको-फॉल, 12 वर्षं, स्वतःचे ग्राहक. फॉर्म इंग्रजीत असेल तर मुलीकडून नीट लिहून घ्या. भाषांमध्ये हिंदीखाली मराठीही लिहा, ती विसरायची नाही.

तुम्ही स्वतःच्या कामाला शून्य म्हणता, याचा मला जरा रागच आला. बाई कापड घेऊन येते, गळा खोल हवा म्हणते, आणि तुम्हाला दिसत असतं की तो तिला शोभणार नाही. तिला न दुखवता ते कसं सांगता? लग्न चार दिवसांवर आणि अस्तर आटलं, म्हणून दारात उभी राहून जी तोंड सोडते, तिला कशी आवरता? एकीचा ब्लाउज चांगला बसला की तिच्या जावेचे तीन कसे येतात? समोरच्या बाईला मीडियम होईल की लार्ज, हे तुम्हाला टेप न लावता कळतं. विशीतल्या नव्या मुलीला ते कळायला बरेच महिने जातात. यातले दोन-तीन खरे प्रसंग निवडा आणि मोठ्यानं, हिंदीत, मुलीसमोर बोलून बघा. प्रत्येकी एका मिनिटात संपले पाहिजेत. ‘मैं मेहनती हूँ, ईमानदार हूँ’ हे सगळेच म्हणतात, ऐकणाऱ्याच्या ते कानावरून जातं. ‘एक कस्टमर का अस्तर सिकुड़ गया था, मैंने रात में खोलकर दोबारा लगाया, अब उनके घर के सारे ब्लाउज़ मेरे पास आते हैं’ हे त्याच्या लक्षात राहील.

बहुधा एखादी ओढणी किंवा शर्ट हातात देऊन म्हणतील, हे आम्हाला विकून दाखवा. इथं बहुतेक जण कापडाची स्तुती सुरू करतात. तुम्ही आधी विचारा: किसके लिए चाहिए? रोज पहनना है या फंक्शन में? घर में धोएँगे या ड्रायक्लीन? दोन उत्तरं आली की मगच वस्तू उलगडा, आणि त्या उत्तरांना धरून एकच गोष्ट सांगा. शेवटी ‘इसके साथ लेगिंग दिखाऊँ?’ एवढं म्हणा. प्रत्येक बिलात आणखी एखादी वस्तू जावी यावर शोरूमवाल्यांचा फार डोळा असतो, त्यामुळे हे वाक्य ऐकून ते खूश होतात. गिऱ्हाईक म्हणून बसलेला मॅनेजर मुद्दाम तिरसटपणा करेल, ‘बाहर तो आधे में मिलता है’ म्हणेल. भांडू नका, हसून कापडाचं टोक त्याच्या हातात द्या आणि शिलाई दाखवा. शिलाईबद्दल तिथं तुमच्याइतकं कुणाला कळणार?

तोंडी हिशेब विचारतात. 1,299 वर 30 टक्के सूट असेल तर 1,300 धरायचे, 390 वजा करायचे, 910 च्या आसपास. बी.कॉम. आहात, पण सवय मोडलेली असेल. दोन दिवस भाजी घेताना सराव करा. इंग्रजीत स्वतःबद्दल बोला म्हणाले तर पाठ केलेली दोन वाक्यं बोला आणि ‘बाकी हिंदी में बताऊँ?’ असं विचारा. त्यात कमीपणा नाही, इंदूरचं गिऱ्हाईक हिंदीतच भाव विचारतं.

भाच्याच्या वयाच्या मॅनेजरला ‘सर’ आणि ‘आप’. ‘बेटा’ चुकूनही नको, आणि तोंडात बसलेलं आपलं इंदुरी ‘भिया’ तर दाराबाहेरच ठेवून जा. त्याच्या मनात एकच शंका असेल: ही बाई वयानं मोठी, माझं ऐकेल का? तो विचारायच्या आत सांगून टाका की बिलिंग मशीन आणि स्टॉकचं काम तुम्हाला येत नाही, ते शिकायचं आहे आणि कुणीही शिकवलं तरी चालेल.

पैशाचं खुशाल सांगा, फक्त रडगाणं नको. ह्यांचा रखडलेला पगार त्या खोलीत न्यायचा नाही. ‘बेटी कॉलेज में जा रही है, मुझे पक्की नौकरी चाहिए, मैं यहीं की हूँ, कहीं जाना नहीं है.’ या धंद्यात पोरं-पोरी चार महिन्यांत दुसरीकडे उडतात आणि मॅनेजर पुन्हा नवी माणसं शिकवत बसतो. टिकणारं माणूस दिसलं की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी त्या शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. कुर्ते केवढ्यापासून सुरू होतात, ट्रायल रूमपाशी किती गर्दी, मुली काय घालतात, आणि मुख्य म्हणजे किती वेळ उभ्या असतात, ते बघा. विक्रीच्या कामातला खरा त्रास पायांचा आहे. दुकानातल्या माणसांना बसायची सोय द्यावी म्हणून केरळला 2018 मध्ये आणि तमिळनाडूला 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून काय ते समजा. शिवणमशीनवर बसून बारा वर्षं काढलेल्या बाईला आठ-नऊ तास उभं राहणं पहिला महिना जड जाणार. चांगले, मऊ तळव्याचे बूट आधी घ्या, नवी साडी नंतर.

निवड होते आहे असं दिसलं की काही गोष्टी तुम्हीही विचारायच्या, आणि न लाजता. पगार हातात किती येणार? 16,000 म्हणाले, तर ते कापाकापीच्या आधीचे की नंतरचे? मूळ पगाराच्या 12 टक्के पीएफ कापला जातो. 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयचे (नोकरदारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) 0.75 टक्केही जातात, म्हणजे 16,000 वर 120 रुपये. ही कपात असलेली बरी. ईएसआयच्या कार्डावर नंदानगरच्या ईएसआयसी रुग्णालयात घरच्यांनाही उपचार मिळतात. नेमणूक नक्की कुणाची, हेही विचारा. मोठ्या शोरूममध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एक शोरूमची असते आणि दुसरी एखाद्या ब्रँडची किंवा एजन्सीची. दोघींच्या रजा, इन्सेंटिव्ह, नोकरीची शाश्वती, सगळं वेगळं असतं. नेमणूकपत्रावर ज्याचं नाव, तोच तुमचा मालक. युनिफॉर्मचं डिपॉझिट किंवा नोंदणी फी म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून या. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स द्यायच्या, मूळ प्रती दाखवून परत आणायच्या.

आठवड्याची सुटी मिळेल, पण शनिवार-रविवार विसरा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर रजेचा विषयच काढायचा नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सुटी हवी हे मात्र नेमणुकीच्या वेळी बोलून ठेवा, ऐनवेळी नको. आणि क्लोजिंग शिफ्ट विचारा. दुकान दहाला बंद झालं तरी कपड्यांच्या घड्या आणि हिशेब आवरून निघायला साडेदहा होतात, आणि विजयनगर ते राजेंद्रनगर म्हणजे एबी रोडची दोन टोकं. रात्री न्यायला कोण येणार हे ह्यांच्याशी या आठवड्यातच ठरवा. रोज रिक्षानं यायची वेळ आली तर पगारातला मोठा घास तिथंच जाईल. तसं होत असेल तर राजेंद्रनगरच्या जवळ, कमी पगाराची जागा मी जास्त पसंत करीन.

सासूबाईंना मुलाखतीच्या आधी सांगा, आणि सांगताना ह्यांना शेजारी बसवा. नंतर रामबागेतल्या कुणा नातेवाइकाकडून कळलं तर त्या नोकरीवर नाही, लपवलं म्हणून चिडतील, आणि ते चिडणं बरोबर असेल. सीतलामाता बाजारात सासूबाई स्वतःच वीस-वीस साड्या उलगडायला लावतात ना? त्या उलगडणाऱ्याला कधी हलका समजल्या का, एवढं हसत विचारून बघा. तरी त्या दोन दिवस बोलणार नाहीत. न बोलू देत. रविवारी दुपारी घरी कोण काय करणार, हा प्रश्न त्यांच्या अबोल्यापेक्षा मोठा आहे आणि तो फक्त त्यांचाच नाही. ह्यांना कुकर लावता येतो का?

गुरुवारी ‘कळवतो’ म्हणाले तर चार दिवस थांबून स्वतः फोन करा. आणि त्याच दिवशी, तयार होऊन मॉलपर्यंत गेलाच आहात, तर बाकीच्या दोन-तीन मोठ्या दुकानांतही अर्ज देऊन या. नवरात्रीच्या तोंडावर सगळ्यांनाच माणसं लागतात.