वाचकांचे प्रश्न : चोबेकाठचा तंबू

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त असून ताडोबा व पेंचला नेहमी जातो. आता बोट्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानात तंबूतला मुक्काम आणि नदीतील सफर करावी असे मनात आहे. कोणता काळ योग्य, आणि तंबूत राहणे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा हंगाम होय. आतल्या रानातील पाणवठे आटू लागले की हत्तींचे कळप चोबे नदीकडे वळतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर आम्हांला सर्वांत योग्य वाटतो. ऑक्टोबरमधील उकाडा कडक असतो, तर जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात.

नदीची सफर कसाने गावातून निघते, आणि ती दुपारनंतरचीच घ्यावी. पात्रातील सेडुडू बेटावर बोट्स्वाना व नामिबिया या दोघांनीही हक्क सांगितला होता. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोट्स्वानाला दिले. हत्तींना अर्थातच या निकालाचे सोयरसुतक नाही. सोंड पाण्याबाहेर धरून ते बेटावर पोहत जातात, आणि पाणघोडे व मगरी जीपपेक्षा नावेतून कितीतरी अधिक नीट दिसतात.

उद्यानातील तंबूतळांना कुंपण नसते. तरीही रात्री तंबूची चेन लावून आतच राहिल्यास, खाद्यपदार्थ जवळ न ठेवल्यास आणि वाटाड्याचे ऐकल्यास धोका बराच कमी होतो. त्या भागात हिवतापाची शक्यता असल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना विचारावे.