स्वप्नातली म्हैस कशी काढायची?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं. वडील दोन वर्षांमागं गेले आणि तेव्हापासून एकच स्वप्न पडतंय, आमच्या सोप्यात म्हैस उभी आणि वडील तिच्या पायाशी बसलेत, तांब्याएवढे. ऑइलमध्ये काढायला घेतलं, निळं धुकं टाकलं, तर मित्र म्हणतात कॅलेंडर झालंय. इन्स्टावर त्या जर्मनीच्या निओ राउखची चित्रं बघतो, काही कळत नाही पण पोटात कालवतं. तसं मला का जमंना?

उत्तर: भावा, आधी ते धुकं पूस. धुकं पन्हाळ्यावर शोभतं. स्वप्न चालू असतं तेव्हा ते धूसर नसतंच, म्हैस म्हैसच असते, शेणाच्या वासासकट, धूसर होतं ते सकाळी आठवायला बसल्यावर.

राउख नीट बघ. 1960 चा जन्म, लाइपझिगचा, स्टुडिओ तिथल्याच जुन्या सूतगिरणीत (आपली शाहू मिल डोळ्यासमोर आण). चार आठवड्यांचा असताना आईवडील रेल्वे अपघातात गेले, आजीआजोबांनी वाढवलं. एवढं असून चित्रात रडारड नाही. माणसं आपली जुन्या कामगारी कपड्यात काहीतरी उचलतायत, ओढतायत, एकजण दुसऱ्याच्या दुप्पट मोठा आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नाही, कुणी कुणाकडं बघतसुद्धा नाही. पण बूट बघ, हात बघ, सगळं ठाम रंगवलेलं. कालवतं ते त्यामुळंच, असं माझं मत.

आता तुझं. आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा तलावावर जाऊन समोरचं बघून रंगवायचे, ती आपली कोल्हापूरची सवय स्वप्नाला लाव की. गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हशी उभ्या असतात तिथं जा, खूर, कास, गुडघ्यावरची सुकलेली माती, सगळ्याचे स्केच कर. तांब्या घरातलाच घे. वडिलांचा चेहरा फोटोवरून उचलू नको, फोटोत माणूस फोटोसाठी बसलेला असतो, ते सोप्यात कसे टेकून बसायचे ते आठव, पाठ आली तरी चालेल. आणि उजेड दोघांवर एकाच दारातनं येऊ दे, म्हशीची सावली म्हशीएवढी, वडिलांची तांब्याएवढी, नाहीतर कापून चिकटवल्यासारखं दिसतंय.

शिंगं कॅनव्हासात मावत नसली तर मावू देऊ नको.