‘संकलन’ की ‘संपादन’?

धुळ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे, की अहिराणी गाण्याच्या व्हिडिओच्या श्रेयनामावलीत ‘एडिटिंग’ऐवजी मराठी शब्द द्यायचा झाल्यास ‘संकलन’ लिहावे की ‘संपादन’. संकलन म्हणजे गोळा करणे, आणि एडिटर तर चित्रित केलेल्यातले बरेचसे काढूनच टाकतो, अशी त्यांची अडचण आहे.

अडचण रास्त आहे. तरीही माझे मत ‘संकलन’ या शब्दाच्याच बाजूने आहे. ‘लोकगीतांचे संकलन’, ‘माहितीचे संकलन’ अशा प्रयोगांमुळे तो शब्द आपण गोळा करण्यापुरता धरून बसलो आहोत. संस्कृत गणितात मात्र संकलन म्हणजे बेरीज आणि व्यवकलन म्हणजे वजाबाकी, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) या क्रिया ‘संकलित’ आणि ‘व्यवकलित’ या नावांनीच येतात. खान्देशातल्या वाचकाला तरी हा अर्थ परका वाटू नये, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथीलच आहे.

चित्रपटातली बेरीज गणितातल्या बेरजेपेक्षा लबाड असते, एवढाच फरक. रावेरकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा वर पाहणारा, काहीसा निर्विकार चेहरा घ्या. त्याला लागून भरघोस केळीच्या घडाचे दृश्य जोडले, तर प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर समाधान दिसते. घडाच्या जागी वादळाने आडवी झालेली बाग ठेवली, की तोच चेहरा हताश वाटू लागतो. चेहऱ्यात काहीच बदललेले नसते, आणि प्रेक्षकाला जाणवलेला भाव दोहोंपैकी एकाही दृश्यात सुटा सापडत नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या सुमारास एका नटाचा चेहरा सूपाची थाळी, शवपेटी अशा दृश्यांना जोडून नेमके हेच दाखवले होते. काटछाट होते ती या जोडणीसाठी. चेहरा किती क्षण ठेवायचा आणि घडावर नेमके कधी जायचे, यात संकलकाची खरी कला आहे.

‘संपादन’ हा शब्द चुकीचा नाही. तडीस नेणे, मिळवणे हा त्याचा मूळचा अर्थ ‘विश्वास संपादन करणे’ यात टिकून आहे. पुढे तो वृत्तपत्रे-ग्रंथांच्या कामाला लागला, आणि हिंदीत चित्रपटासाठीही तोच चालतो. मराठीत मात्र चित्रपटांच्या श्रेयनामावलीने ‘संकलन’ रुळवले आहे. मोबाइलवर ‘संपादित करा’ दिसते, ते कोणत्याही मजकुरात किंवा छायाचित्रात बदल करण्यासाठी असते. तिथे ते ठीक आहे.

एक पथ्य पाळावे. ‘व्हिडिओ संकलित केले’ असे लिहिल्यास ते इकडून तिकडून जमवल्यासारखे वाटतात, म्हणून ‘व्हिडिओचे संकलन केले’ असे लिहावे. शिवाय लग्नाचे चित्रीकरण करणारे आपल्याकडचे स्टुडिओवाले या साऱ्या कामाला सरसकट ‘मिक्सिंग’ म्हणत आले आहेत. बोलण्यात ते खपून जाते, पण श्रेयनामावलीत ‘ध्वनिमिश्रण’ हे वेगळे काम असल्याने त्याची ओळ आणि नाव स्वतंत्र द्यावे.