‘फाळणी’, ‘फुटीरता’ की ‘वेगळे होणे’? आणि ‘शांतता’ राखायची की उभारायची?

नाशिकच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी विचारले आहे: दक्षिण सुदान आणि पापुआ न्यू गिनीतले बूगनविल बेट यांवर मराठी टिपणे तयार करताना ‘सेसेशन’ला (देशाचा एक भाग बाहेर पडण्याला) फाळणी म्हणावे, विघटन की फुटीरता? आणि ‘पीसबिल्डिंग’ला ‘शांतता प्रस्थापित करणे’ चालेल का?

फाळणी टाळा. हा शब्द वाचला की मराठी वाचकाला १९४७ आठवते, आणि कोणीतरी वरून रेघ ओढून दोन तुकडे केले हा अर्थ त्यात पुरता मुरला आहे. सेसेशनमध्ये एक भाग बाहेर पडतो. उरलेला देश आपले नाव आणि संयुक्त राष्ट्रांतली जागा राखून तिथेच राहतो. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान बाहेर पडला, सुदान राहिला. विघटन हा शब्द सोव्हिएत संघ किंवा युगोस्लाव्हियासाठी ठेवावा, कारण तिथे मूळ संघराज्यच उरले नाही.

‘फुटीरता’ हा आरोप आहे. आपल्याकडे पक्ष सोडणाऱ्यांना ‘फुटीर आमदार’ म्हणतात तेव्हा म्हणणाऱ्याची बाजू लगेच कळते. मध्यवर्ती सरकारचे म्हणणे सांगताना तो शब्द योग्यच, पण टिपणकर्त्याच्या स्वतःच्या वाक्यात तो आला की निकाल आधीच लागतो. ‘अलगाववाद’ हिंदी बातम्यांतून आला आहे, त्याची गरज नाही. ‘विलगीकरण’ चांगला शब्द होता, पण करोनानंतर तो रुग्णाच्या खोलीत जाऊन बसला.

माझी शिफारस क्रियापदाची आहे. एका बाजूने घोषणा करून बाहेर पडणे म्हणजे ‘फुटून निघणे’ (सोमालियातून सोमालीलँड, १९९१). कराराने आणि मतदानाने बाहेर पडणे म्हणजे ‘वेगळे होणे’ (दक्षिण सुदान). ‘वेगळे होणे’ मला आणखी एका कारणाने आवडते. निफाड-दिंडोरीकडे भाऊ वेगळे निघतात, खातेफोड होते, सातबारे स्वतंत्र होतात; विहीर मात्र सामाईक राहते आणि भांडण तिच्या पाळीवरून पेटते. सुदानच्या तेलाचे नेमके हेच झाले. जवळपास तीन चतुर्थांश तेल दक्षिणेकडे गेले, पण ते समुद्रापर्यंत नेणारी पाइपलाइन उत्तरेतून पोर्ट सुदानला जाते. वाहतुकीचा दर ठरेना, सुदानच्या खार्तुममधल्या सरकारने तेल अडकवून ठेवले, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने आपले उत्पादनच बंद केले. सप्टेंबरमध्ये आदिस अबाबात करार झाला आणि तेल पुन्हा निघायला एप्रिल २०१३ उजाडले. ‘फाळणी झाली’ या दोन शब्दांत हा सगळा भाग नाहीसा होतो.

आता शांततेकडे. पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीमुळे आपल्या कानाला ‘शांतता राखणे’ सवयीचे आहे. ते ‘पीसकीपिंग’ झाले: जी आहे ती मोडू न देणे. ‘प्रस्थापित करणे’ एका फटक्यात उरकल्यासारखे वाटते. पीसबिल्डिंगला ‘शांतता उभारणी’ म्हणावे, कारण ते काम खरोखरच टप्प्याटप्प्याने, एकावर एक रचत जाते.

बूगनविलचेच पाहा. (अंगणातली बोगनवेल आणि हे बेट, दोघांचे नाव एकाच फ्रेंच दर्यावर्दीवरून.) तिथले बंडखोर आणि पापुआ न्यू गिनीचे सरकार यांच्यात लढाई चालू होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये न्यूझीलंडमधल्या बर्नहॅमला झाला तो लढाईतला तात्पुरता थांबा, ३० एप्रिल १९९८ ला बूगनविलमधल्या अरावात झाली ती लढाईवरची कायमची बंदी. पहिल्याला युद्धविराम, दुसऱ्याला शस्त्रसंधी असे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. वृत्तपत्रांत हे दोन्ही शब्द अदलाबदलीने येतात आणि वाचक गोंधळतो. यांपैकी कशालाही ‘तह’ म्हणू नये. पुरंदरचा किंवा सालबाईचा तह दोन सत्तांमधला होता. इथे एका बाजूला देश आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच एक प्रांत होता.

३० ऑगस्ट २००१ च्या शांतता कराराचे तीन आधार होते: स्वायत्तता, शस्त्रांची विल्हेवाट आणि सार्वमत. शस्त्रांचा भाग भाषेच्या दृष्टीने फार नाजूक आहे. आधी लढणाऱ्यांनी शस्त्रे आपापल्या कमांडरकडे देऊन पेट्यांत ठेवायची. मग ती मोठ्या कंटेनरमध्ये जायची. त्याला दोन कुलुपे, एक किल्ली कमांडरकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांकडे. पुढे काय करायचे ते तिसऱ्या टप्प्यात ठरायचे. दुसरा टप्पा पूर्ण झाल्याचे निरीक्षकांनी प्रमाणित केल्यावरच स्वायत्तता देणारी घटनादुरुस्ती लागू झाली. इथे गडचिरोलीच्या बातम्यांतला ‘आत्मसमर्पण’ वापरला तर सगळे उलटे होते. कोणी शरण आलेले नव्हते. एक किल्ली स्वतःकडे राहिली म्हणून तर लोक शस्त्रे द्यायला तयार झाले. ‘शस्त्रे जमा करणे’ लिहावे.

‘गव्हर्नन्स रिफॉर्म’बद्दल थोडक्यात: ‘प्रशासकीय सुधारणा’ म्हटले की फाइल, बदल्या, कर्मचारीसंख्या डोळ्यांपुढे येते. दक्षिण सुदानच्या २०१८ च्या शांतता करारात प्रश्न होता सत्तेत कोणाचा वाटा किती आणि सैन्य कोणाच्या हुकमात. त्याला ‘राज्यकारभारातील सुधारणा’ हेच जुने, नेमके नाव.

सार्वमत आणि जनमत यांतही घसरायला होते. जनमत म्हणजे लोकांचा कल. मतपेटीतून घेतलेला औपचारिक निर्णय म्हणजे सार्वमत. गोव्याचा १९६७ चा ‘जनमत कौल’ अर्थाने सार्वमतच होता, त्यामुळे मराठीत हे दोन शब्द एकमेकांत मिसळले. शिवाय प्रत्येक सार्वमत बंधनकारक नसते. दक्षिण सुदानचे होते. बूगनविलमध्ये २०१९ च्या अखेरीस सुमारे ९८ टक्के मते स्वातंत्र्याला पडली, तरी करारानुसार त्यावर दोन्ही सरकारांनी चर्चा करायची आणि अंतिम निर्णय पापुआ न्यू गिनीच्या संसदेने घ्यायचा. टिपणात ‘२०१९ मध्ये बूगनविल स्वतंत्र झाले’ असे वाक्य असेल तर ते काढून ‘बूगनविलने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला’ असे करावे.